गॅस जातो कुठे

गाडीच्या एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन निकामीही होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर पडला. हे आमच्या धंद्यातल्या पोरासोरालाही ठाऊक असतं. तरी दर एप्रिलात नुसता गॅस भरून गाडी परत द्यायची आणि पुढच्या एप्रिलात त्याच गाडीकडून पुन्हा पैसे घ्यायचे, यावर कितीतरी दुकानं चालतात. मला ते कधी जमलं नाही. गॅस कुठून गेला हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

आता हे लिहायला बसलो ते बोटांमुळे. शुगरनं बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत. गरम-गार कळतं, पण बारीक फरक कळत नाही, आणि माझं सगळं काम त्या बारीक फरकावर उभं होतं. ड्रायर चोक होत आला की त्याच्या आत जाणारा पाइप आणि बाहेर येणारा पाइप यांच्यात किंचित फरक पडतो. पातळ पाइपवर एका जागी अचानक गारवा लागला, तर अडथळा तिथेच असतो. गेज काढायच्या आधी हे मला कळायचं. खरं सांगायचं तर गेज मुद्दामच काढायचो नाही. गिऱ्हाईक बघत असताना दोन बोटं पाइपवर ठेवायची आणि रोग सांगून टाकायचा, यात मला फार सुख होतं. सिल्लोडहून, धाडहून लोक गाडी घेऊन यायचे ते या बोटांसाठी, असं मी मनात धरून होतो.

आता टेंपरेचर गन घेतली आहे. ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर खोटा आकडा दाखवते. उघडा धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि शेजारच्या इंजिनाची उष्णता परतवतो. म्हणून पाइपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि गन त्यावर धरायची. आकडा बरोबर येतो. तरीही टेप चिकटवताना मला कसंतरीच होतं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. उभ्या गाडीत सापडत नाही ती गळती.

वालसावंगीच्या एका मिरची व्यापाऱ्याची जुनी सुमो. नायट्रोजन भरून रात्रभर ठेवली, काटा जागचा हलला नाही. साबणाच्या फेसाला कुठे बुडबुडा नाही. व्हॅक्यूम लावला, तोही धरला. गॅस भरला की झकास कूलिंग, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा कोमट हवा. मालक म्हणाला, राहू द्या, भरत जाऊ वरचेवर. मी गाडी सोडली नाही.

पिन व्हॉल्व्ह बदलले, सगळ्या ओ-रिंगा बदलल्या. डॅशबोर्ड न खोलता कूलिंग कॉइल तपासायची तर पाणी पडायच्या नळीखाली डिटेक्टर धरतात, कारण आर-134ए हवेपेक्षा साडेतीन पट जड, तो खालीच उतरतो. तिथेही काही नाही. होज पाइपांचे क्रिम्प इंजिन हलताना तेवढे उघडतात, म्हणून चालू गाडीत एकेक पाइप हातानं वाकवून पाहिला.

शेवटी भाच्यानं बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर कॉम्प्रेसरच्या पुलीच्या रेषेत, तेलकट धुळीचा पट्टा दाखवला. बोटावर घेतला, चोळला, हुंगला. "मामा, हे इंजिन ऑइल नाही. जळका वास नाही याला." मीही बोट फिरवलं. मला धूळ आणि तेल यांतलं काहीच वेगळं जाणवलं नाही. मी "हं" म्हणालो आणि पान्हा उचलला. पोरानं नेमकं पकडलं होतं. शाबासकी मात्र माझ्या तोंडून त्या दिवशी निघाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

शाफ्ट सील गेलं होतं. गाडी उभी असते तेव्हा आतला दाबच सीलचा ओठ शाफ्टवर आवळून धरतो, म्हणून काटा हलत नाही. शाफ्ट फिरायला लागला आणि क्लचच्या बेअरिंगनं थोडा झोल दिला की तिथूनच गॅस आणि तेल बाहेर. हे ओठ वाळतात थंडीत. आपल्याकडे दिवाळीनंतर एसी बंद करतात तो थेट होळीनंतर लावतात. गॅसबरोबर फिरणारं तेल तेवढे महिने सीलपर्यंत पोचत नाही. थंडीत आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. लोकांना वाटतं, डिझेल जाळायला सांगतोय.

त्याहून जुन्या, आर-12 वरच्या गाड्यांचं दुखणं आणखी खोल. ओझोनच्या थरासाठी 1987 ला मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात 1992 ला आला, आणि 2010 पर्यंत तो गॅस आपल्याकडे बंद झाला. ते योग्यच झालं. पण त्या गाड्यांत आर-134ए सरळ ओतणाऱ्यांनी कॉम्प्रेसरांचे बळी घेतले. जुन्या खनिज तेलात हा गॅस मिसळत नाही. तेल कॉइलमध्ये पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. कडक उन्हात याचा दाबही आर-12 पेक्षा जास्त चढतो, आणि आपल्याकडचा मे महिना चाळिशीच्या वरचा. तेल बदलायचं, ड्रायर बदलायचा, कंडेन्सर मोठा घालायचा, तर हे काम. नाहीतर करू नये.

आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरणारे! कूलिंग येतं, हे खरं. पण कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डखाली, पुढे बसलेल्याच्या गुडघ्यांशी. ती फुटली की गॅस गाडीच्या आत साठतो, आणि ब्लोअरच्या मोटारीत ठिणगी असतेच. लग्नाला निघालेलं अख्खं घर त्या गाडीत बसलेलं असतं. असं काम करणाऱ्याबरोबर मी चहासुद्धा घेत नाही. डबीतलं लीक बंद करायचं औषध ओतणारे त्यामानानं बरे, ते फक्त एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बुजवतात.

गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही, हे मी दुकानात ठरवून टाकलं आहे. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटली. शोधायला दोन दिवस लागतील म्हटलं की किल्ली परत मागतात आणि भोकरदनला जातात. भाचा म्हणतो, मामा, निदान ओळखीच्यांना तरी भरून देऊ. मी नाही म्हणतो. आणि मग त्यातली एखादी गाडी बसस्टँडवर काचा लावून उभी दिसली की पाय आपोआप थांबतात. क्लच लागल्याचा खट् आवाज येतो का ते ऐकतो. आला, तर किती वेळानं सुटतो आणि किती लवकर परत लागतो ते मोजतो. भराभर सुटत-लागत असेल तर गॅस पुन्हा कमी झालाय, नव्यानं भरलेलासुद्धा.