काउंट चांगला आहे म्हणजे काय

पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीर्य तपासते. मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाखांच्या वर शुक्रजंतू आणि त्यातले ४२ टक्के हलते दिसले, की माझ्या लेखी तो पुरुष सुटला. पेण, उरणहून मुलासोबत आलेली आई म्हणायची, "ह्याचं चांगलंय ना? मग सुनेतच काहीतरी असणार." मलाही ते पटायचं. आता पटत नाही.

मत बदललं ते शुक्रजंतूतल्या प्रथिनांबद्दल वाचू लागल्यावर. वृषणात शुक्रजंतू घडायला साधारण सव्वादोन ते अडीच महिने लागतात. त्या काळात डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातली बहुतेक निघून जातात आणि त्यांची जागा प्रोटामाइन घेतात. फ्रीडरिश मीशर या संशोधकांना हे द्रव्य १८७४ मध्ये ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या शुक्रजंतूंत सापडलं होतं. प्रोटामाइनमुळे डीएनए इतका घट्ट बसतो की जनुकं वाचलीच जात नाहीत, आणि नवी प्रथिनं बनवणं जवळपास थांबतं. वृषणातून निघालेल्या या पेशीला अजून धड पोहताही येत नाही. पुढे अधिवृषणाची वेटोळी नळी लागते, उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल अशी. तिथे शुक्रजंतूवरची काही प्रथिनं गळतात, काही छाटली जातात, काही नळीच्या पेशी त्याला देतात. स्वतः काही घडवू न शकणाऱ्या पेशीला आजूबाजूच्या पेशी सज्ज करतात, याचं मला अजून नवल वाटतं.

तरीही तयारी अपुरीच. बीजापर्यंत पोचण्याआधी शुक्रजंतूला स्त्रीच्या शरीरात काही तास काढावे लागतात, हे १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्टिन आणि अमेरिकेत चँग या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तिथे त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल निघतं, प्रथिनांना फॉस्फेट जोडले जातात. १९८६ मध्ये परळच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा काचेच्या बशीतल्या शुक्रजंतूंनाही या बदलांतून जावंच लागलं असणार.

यातलं काहीच माझ्या काचपट्टीवर दिसत नाही. आकडा निरुपयोगी नाही. काउंट फार कमी असेल तर ते कळलंच पाहिजे. पण चांगल्या आकड्यावरून सुनेवर ठपका कसा ठेवायचा? आता मी त्या आईला सांगते, "मावशी, मोजणी चांगली आहे, पण एवढ्यावरून दोघांपैकी कुणाचंच काही ठरत नाही. दोघांना एकत्र डॉक्टरांकडे पाठवा." आणि मुलगा नुकताच मोठ्या तापातून उठला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावते, म्हणजे तापानंतर घडलेले शुक्रजंतू तपासता येतात.