एक अटीतटीचा सामना

अमेरिकेंतील कॉलेजांतून 'फ्रॅटर्निटी' या नांवाचा जो प्रकार आढळतो, त्यास मराठींत नेमका प्रतिशब्द सांपडत नाहीं. 'बंधुमंडळ' म्हणावें तर भजनी मंडळाची आठवण होते; 'वसतिगृह' म्हणावें तर नुसत्या खोल्या व खानावळ डोळ्यांपुढें उभी राहते. वास्तविक या दोहोंचें तें मिश्रण आहे. तीस-चाळीस, क्वचित् शंभर विद्यार्थी एका मोठ्या घरांत राहतात, एका पंक्तीस जेवतात, परस्परांस 'ब्रदर' म्हणतात, आणि घराच्या दर्शनी भागावर लाविलेल्या दोन-तीन ग्रीक अक्षरांकरितां जिवाचें रान करितात. या प्रकाराचें मूळ जुनें आहे. १७७६ सालीं, म्हणजे त्या देशानें स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्याच वर्षीं, व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत 'फाय बीटा कॅपा' हें पहिलें ग्रीक अक्षरांचें मंडळ निघालें. तें पुढें विद्वानांचा सन्मान करणारी संस्था होऊन बसलें. आजच्या धर्तीचें बंधुत्व सुरू झालें तें १८२५ मध्यें, न्यूयॉर्क संस्थानांतील यूनियन कॉलेजांत.

या घरांविषयीं चांगलें व वाईट दोन्ही बोललें जातें, आणि दोन्हींत तथ्य आहे. नव्या सभासदांस 'पारखून' घेण्याच्या नांवाखालीं जो छळ होतो त्यांत कित्येक तरुण प्राणास मुकले आहेत, व बहुतेक संस्थानांनीं त्याविरुद्ध कायदे केलेले आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक घरांच्या नियमांतच वर्णाची व धर्माची अट लिहिलेली असे. ज्यांना दार बंद झालें त्यांनीं आपलीं घरें आपण बांधिलीं: कॉर्नेल विद्यापीठांतील कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनीं १९०६ मध्यें 'अल्फा फाय अल्फा' स्थापिलें, आणि टेक्ससमध्यें १९९८ सालीं दक्षिण आशियांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांनीं 'डेल्टा एप्सिलॉन साय' काढलें. ज्याला पंक्तींत पाट मिळत नाहीं तो आपली चूल वेगळी मांडतो, हें आपल्याकडे कोणास समजावून सांगावयास नको.

एवढी माहिती आम्हांस केवळ पुस्तकांतून मिळाली असती तर ती आम्ही केव्हांच विसरलों असतों. परंतु अशा दोन घरांमधील एका सामन्यांत आम्हांस अकस्मात् असें कांहीं सांपडावें लागलें कीं, विसरूं म्हटल्यानें तें विसरतां येत नाहीं. 'आम्ही' म्हणजे याच शाळेच्या बाकावर शेजारीं शेजारीं बसलेले व पुढें योगायोगानें कॅन्सस संस्थानांतील लॉरेन्स या गांवीं एकत्र शिकावयास गेलेले दोघे. कोणीं काय केलें हें वेगळें सांगण्याचें जेथें कारण पडेल तेथें सांगूं. एरवीं दोघांचें मिळून 'आम्ही'च बरें.

बास्केटबॉलच्या भक्तांस लॉरेन्स हें गांव पंढरीच्या ठिकाणीं आहे. ज्या डॉ. जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत, स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत, थंडीमुळें घरांत कोंडलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांस कसेंबसें गुंतवून ठेवण्यासाठीं हा खेळ काढला, ते १८९८ सालीं कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराची व व्यायामाची व्यवस्था पाहण्यास आले आणि १९३९ सालीं याच गांवीं वारले. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर खिळलेल्या दोन पीचच्या टोपल्या, फुटबॉलचा चेंडू आणि एका बाजूस नऊ गडी, एवढ्यावर पहिला सामना झाला. त्यांत काय ती एकदांच टोपलींत चेंडू पडला. त्यांनीं टंकलिखित करून लाविलेले तेरा नियम २०१० सालीं लिलावांत ४३ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकले गेले व आतां विद्यापीठांत कांचेआड ठेविले आहेत. त्यांचें दर्शन आम्हीं पहिल्याच आठवड्यांत घेतलें. त्यांत अकरावा नियम असा आहे कीं, वेळ पाहण्याचें कामही पंचानेंच करावें. वेळाधिकारी नांवाचा प्राणी नंतर जन्मास आला. तो जन्मास न येता तर आमचें कांहीं बिघडलें नसतें! आणखी एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नेस्मिथ यांच्या हाताखालीं विद्यापीठाचा संघ ५५ सामने जिंकला व ६० हरला. आणि त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल-गुरूंमध्यें जिंकल्यापेक्षां हरलेले सामने अधिक असलेला गुरु आजवर तो एकच.

परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्यास २० तासांपर्यंत, आणि तेंही बहुधा विद्यापीठाच्या आवारांतच, काम करण्याची मुभा असते. कोणी ग्रंथालयांत पुस्तकें लावतो, कोणी भोजनगृहांत ताटें विसळतो. आम्हांस व्यायामशाळेंत काम मिळालें. विद्यापीठाचा नामांकित संघ निराळा. त्याच्या सामन्यास हजारों लोक लोटतात. परंतु साध्या विद्यार्थ्यांचे आपसांतले सामनेही तेथें हंगामभर चालतात, व त्यांस पंच, गुणलेखक आणि वेळाधिकारी लागतात. आमच्यापैकीं एक गुणलेखक झाला, दुसरा वेळाधिकारी. एकाच्या हातीं पुस्तक, दुसऱ्याच्या हाताशीं घड्याळाची कळ.

ज्या दोन घरांचा हा सामना, त्यांचीं ग्रीक अक्षरें आम्ही देत नाहीं. एकास लाल विटांचें घर म्हणूं व दुसऱ्यास पांढऱ्या खांबांचें. दोन्ही टेंकडीच्या एकाच उतारावर, मध्यें एक रस्ता. वैर केव्हांचें व कशावरून हें विचारलें तर प्रत्येकजण निराळी कथा सांगे, यावरून तें बरेंच जुनें असावें. पांढऱ्या खांबांच्या घरांतला एकजण वर्गांत आमच्या मांडीला मांडी लावून बसणारा. नोव्हेंबरांत 'थँक्सगिव्हिंग'च्या सुटींत भोजनगृहें बंद पडून आमची उपासमार होण्याची वेळ आली, तेव्हां त्यानें आम्हांस आपल्या घरीं जेवावयास नेलें. त्या दिवसापासून दर रविवारीं सायंकाळीं आमचें पान तेथें असे. घरची स्वयंपाकीण म्हणजे साठीच्या पुढची एक दणकट बाई. आमच्यापैकीं एकजण गोमांस खात नाहीं असें समजल्यावर ती त्याच्यासाठीं घेवड्याच्या दाण्यांची एक वेगळी वाटी झांकून ठेवी, आणि ती वाटी दुसऱ्या कोणीं उघडल्यास त्यास पळीनें बडवी. वाचकहो, ही वाटी ध्यानांत ठेवावी.

सामना झाला २०१९ च्या फेब्रुवारींत. बाहेर बर्फ घोट्यापर्यंत. जो जिंकेल तो अंतिम फेरींत जावयाचा होता. परंतु खरें सांगावयाचें तर अंतिम फेरीची कोणास पर्वा नव्हती, समोरच्या घरास हरविणें हेंच काय तें मोक्षसाधन! अर्ध्या तासापूर्वींच बाकें भरलीं. एका बाजूनें ढोल, दुसऱ्या बाजूनें स्वयंपाकघरांतून उचलून आणलेलीं पातेलीं. नव्या सभासदांनीं तोंडें रंगविलीं होतीं. आमचें टेबल दोन्ही पक्षांच्या बरोबर मध्यें, म्हणजे जात्याच्या तोंडाशीं.

पूर्वार्ध विटांच्या घराचा झाला. त्यांच्यांत एक शेतकऱ्याचा मुलगा होता. उंची सव्वासहा फूट, आणि हात असे कीं चेंडू त्यांत संत्र्यासारखा दिसे. टोपलीखालीं तो उभा राहिला कीं खांबवाल्यांची वाट बंद. मध्यंतरास गुण २६-१९. उत्तरार्धांत खांबवाल्यांचा नायक पेटला. हा बुटका, डावखुरा, संगीताचा विद्यार्थी. त्याचे टप्पे इतके खालून व जलद कीं चेंडू जमिनीस चिकटून सरकतो आहे असें वाटावें. त्यानें त्या उंच गड्यास टोपलीपासून दूर दूर ओढलें, व मागून त्याचे साथीदार रिकाम्या जागेंत शिरले. सात गुणांचें अंतर तीनांवर आलें. मध्येंच एक तंटा झाला. उंच गड्यानें कोणास तरी ढकललें, शिटी वाजली, आणि खांबवाल्यांनीं ओरड केली कीं हा त्याचा पांचवा फाउल, आतां त्यास बाहेर काढा. पंच टेबलाकडे आले. पुस्तकांत चार होते. चारच सांगितले. आमचा वर्गबंधु पहिल्या बाकावरून आमच्याकडे असा पाहूं लागला, जणूं घरच्या माणसानेंच दाराला कडी लाविली!

शेवटच्या दोन मिनिटांत, खेळ थांबला कीं घड्याळही थांबावें असा नियम. त्यामुळें तीं दोन मिनिटें संपतां संपेनात. ४५-४२, ४५-४४; उंच गड्यानें मोकळ्या फेंकींचे दोन गुण घेतले, ४७-४४; डावखुऱ्यानें वळसा घेऊन दोन, ४७-४६. मग चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, आणि तो मिळाला खांबवाल्यांना. घड्याळांत चार सेकंद होते.

त्या चार सेकंदांत वेळाधिकाऱ्याचें काम असें असतें: आंत फेंकलेल्या चेंडूस गड्याचा स्पर्श होतांच पंचाचा हात खालीं येतो, त्यासरशीं कळ दाबावयाची, आणि पुढें आंकडे पाहावयाचे. शून्य झालें कीं भोंगा आपोआप वाजतो. गुणलेखकाचें काम याच्या उलट: त्यानें घड्याळाकडे ढुंकून पाहूं नये, चेंडू कोणाच्या हातून सुटला तें पाहावें. चेंडू डावखुऱ्याकडे आला. दोन टप्पे. समोर तो उंच गडी भिंतीसारखा उभा. डावखुऱ्यानें फेंकण्याचा आव आणला, भिंत हवेंत उडाली, ती खालीं येईपर्यंत तो थांबला, आणि मग त्यानें हात उचलला. भोंगा वाजला. चेंडू वर गेला, कड्यास न शिवतां जाळ्यांतून खालीं पडला, आणि पातेल्यांचा असा कडकडाट झाला कीं छप्पर कोसळतें असें वाटलें.

भोंग्यापूर्वीं चेंडू हातांतून सुटला असेल तर तो हवेंत असतां भोंगा वाजला तरी गुण मिळतात. भोंग्याच्या वेळीं हातांत असेल तर मिळत नाहींत. दोन पंचांपैकीं एकजण टोपलीखालची रेटारेटी पाहत होता, व दुसऱ्याच्या आड त्या उंच गड्याची पाठ आली होती. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि दोघेही टेबलाकडे चालत आले. पंच म्हणजे तरी कोण, आमच्याच वयाचे विद्यार्थी. त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. तोंवर डावखुऱ्यास त्याच्या बंधूंनीं खांद्यावर घेतलें होतें. आमचा वर्गबंधु टेबलामागें येऊन आमच्या खुर्च्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तो कांहीं बोलला नाहीं. बोलता तर बरें झालें असतें.

पंचानें विचारलें, तुम्हीं काय पाहिलें? वेळाधिकाऱ्यानें शून्य पाहिलें होतें, चेंडू पाहिला नव्हता. गुणलेखकानें हात पाहिला होता, आंकडा पाहिला नव्हता. एकट्याच्या साक्षीनें निकाल होण्यासारखा नव्हता. तेव्हां आमच्यांत मराठींत एवढेंच बोलणें झालें:

"भोंगा शून्यावरच वाजला. तेव्हां चेंडू कोठें होता?"

"हातांतच होता."

"नक्की?"

"हातांतच होता रे."

तेवढ्यांत बाकांवरून कोणी तरी ओरडला कीं, हे दोघे आपल्या भाषेंत कसलें कारस्थान करीत आहेत! खाल्ल्या मिठाला जागावें असें आम्हांस लहानपणापासून शिकविलेलें. आणि ती घेवड्याची वाटी त्या क्षणीं दोघांच्याही डोळ्यांपुढें उभी राहिली, हें आम्हीं रात्रीं खोलीवर गेल्यावर एकमेकांस सांगितलें. पण पंच समोर उभा होता, व त्यानें वाटीविषयीं कांहीं विचारलें नव्हतें. आम्हीं इंग्रजींत दोन वाक्यांत सांगितलें: घड्याळ बरोबर होतें, भोंगा वाजला तेव्हां चेंडू हातांत होता. पंचानें दोन्ही हात हवेंत आडवे हालवून गुण रद्द केले.

पुढील पांच मिनिटांचें वर्णन करण्यांत अर्थ नाहीं. एक खुर्ची उलथली, पाण्याची एक बाटली आमच्या टेबलावरून गेली, विटांचें घर नाचूं लागलें. डावखुरा नायक खांद्यावरून उतरून टेबलाशीं आला. सामन्यानंतर दोन्ही नायकांनीं पुस्तकावर सही करावी अशी तेथील रीत होती. त्यानें पुस्तक आपल्याकडे फिरविलें, शेवटची ओळ वाचली, आणि डाव्या हातानें सही केली. लेखणी परत देतांना त्यानें विचारलें, "किती?" म्हणजे किती उशीर झाला. आम्हीं बोटांची चिमूट दाखविली. त्यानें मान हालविली व तो निघून गेला.

त्या रविवारीं जेवणाचें बोलावणें आलें नाहीं. पुढल्याही नाहीं. वर्गबंधु वर्गांत दोन बाकें पलीकडे बसूं लागला. आम्ही पाव व अंडीं यांवर रविवार काढूं लागलों, आणि तें कांहीं फारसें जड गेलें नाहीं. जड गेलें तें त्या दोन बाकांचें अंतर. विटांच्या घरानें मात्र आम्हांस मेजवानीचें निमंत्रण धाडलें. तें आम्हीं आभार मानून परत केलें, कारण त्यांना आम्हीं कांहीं दिलें नव्हतें. अंतिम सामन्यांत वकिलीच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस वीस गुणांनीं लोळविलें. त्याही सामन्यास टेबलावर आम्हीच होतों. पण तो लिहिण्यासारखा नाहीं.

मार्च उलटल्यावर एके दिवशीं किराणा मालाच्या दुकानांत ती स्वयंपाकीण भेटली. सामन्याची हकीकत तिच्या कानीं आली होती कीं नाहीं, देव जाणे. ती एवढेंच म्हणाली कीं, घेवडा सहा रविवार वायां गेला, आतां येणार नसाल तर तसें सांगा, म्हणजे भिजत घालणार नाहीं. आम्ही खालीं पाहूं लागलों.

दुसऱ्या दिवशीं वर्गबंधु आपलीं पुस्तकें घेऊन पूर्वीच्या जागीं येऊन बसला. बराच वेळ त्यानें वहींत रेघा ओढल्या. मग हळूच विचारलें कीं, त्या रात्रीं तुम्ही आपल्या भाषेंत एकमेकांस काय म्हणत होतां? आम्हीं सांगितलें, व अर्थही सांगितला. त्यानें तें वाक्य पुन्हां म्हणावयास लाविलें, मग स्वतः म्हणून पाहिलें. त्या रविवारीं पांढऱ्या खांबांच्या दारांत पाऊल ठेवतांच जिन्यावरून पांचसहा जणांनीं एका सुरांत "हाटांटच होटा!" अशी आरोळी ठोकली. सत्र संपेपर्यंत तेंच आमचें स्वागत असे, आणि कितीही शिकविलें तरी त्यांच्या 'ट' चा 'त' कांहीं झाला नाहीं.