इंदूर, जळगाव की इथेच?

आपल्या इतवाऱ्यात घरातलं कोणी गंभीर झालं की आजाराच्या आधी रस्त्याची चर्चा सुरू होते. इंदूरला न्यायचं की जळगावला? इंदूर साधारण १८० किलोमीटर. असीरगड, खंडवा, बडवाह आणि मग घाट. जळगाव शंभराच्या आसपास. बऱ्हाणपुरातल्या मराठी घरांनी यावर किती रात्री वाद घातले असतील!

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या नानांना न्यूमोनिया झाला. वय ७८. गावातल्याच एका दवाखान्यात भरती केलं, पण रात्री प्रेशर एकदम खाली आलं. धाकटा म्हणाला, "दादा, गाडी बोलावतो." तिथले डॉक्टर म्हणाले, "या प्रेशरवर रस्त्यात धोका जास्त. आपलं आयसीयू बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडलेलं आहे, त्यांना बघू द्या."

मला वाटलं, मोबाइलवर फोटो पाठवत असतील. आत पाहिलं तर खाटेसमोर कॅमेरा, आणि मॉनिटरचे आकडे थेट तिकडच्या डॉक्टरीणबाईंसमोर. त्या सिस्टरना सांगत होत्या: सरासरी प्रेशर ६५ च्या खाली नको, औषधाचा पंप थोडा वाढवा, लघवी दर तासाला मोजा. मग पडद्यातूनच हाक आली, "नाना, पाय हलवा बरं!" नानांनी हलवला. आई दाराशी रडायलाच लागली.

नंतर वाचलं, तर कल्पना बरीच जुनी निघाली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सेंटारा रुग्णालयाने २००० सालीच अशी दुरून देखरेख सुरू केली होती. आपल्याकडे कोरोनात जोर आला. जुलै २०२० मध्ये दिल्लीच्या एम्सने व्हिडिओवरून आयसीयूच्या डॉक्टरांशी चर्चा सुरू केली. पहिल्याच बैठकीत मुंबईची ९ आणि गोव्याचं १ रुग्णालय होतं.

पण पडद्याने सगळं होत नाही. शेजारच्या खाटेवरच्या मावशींना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टीची सोय त्या दवाखान्यात नव्हती. "यांना थांबवू नका," हेही पडद्यातूनच सांगितलं गेलं. जळगावला आधी फोन झाला, कागद पुढे गेले, मग गाडी निघाली. कोणाला थांबवायचं आणि कोणाला तातडीने हलवायचं, हे वेळेत कळणं हाच मला यातला मोठा फायदा वाटला.

आणि सिस्टर! सल्ला कितीही लांबून येवो, पंप फिरवणारे, कूस बदलणारे हात इथलेच. रात्री तीनला लाइट गेली, पडदा काळा झाला. जनरेटर लागेपर्यंत त्या नानांच्या मनगटावर बोट ठेवून उभ्या होत्या.

नाना नवव्या दिवशी घरी आले. आता ओट्यावर बसून सगळ्यांना "टीव्हीतल्या डॉक्टरीणबाईं"ची गोष्ट सांगतात.

एवढंच सांगायचं: पेशंट भरती करताना खाटेचं भाडं विचारतो, तसं हेही विचारा. रात्री आयसीयूत डॉक्टर असतो का? बाहेरचा तज्ज्ञ जोडलेला आहे का? लाइट किंवा नेट गेलं तर काय? आणि हलवायची वेळ आली तर पुढच्या दवाखान्याशी कोण बोलणार?