निळ्या काचेचा हिरवा उजेड

पुण्याच्या जुन्या बाजारातून गेल्या वर्षी रेल्वेच्या गार्डाचा एक हातकंदील घासाघीस करून आणला. बाहेरून भिंगाचा एकच डोळा, आत रॉकेलची वात. वातीभोवतीचं नळकांडं फिरवलं की एकदा लाल काच समोर येते, एकदा हिरवी. घरी आणून पुसायला बसलो, तर हिरवी काच उन्हात चक्क निळसर! गंडलो म्हटलं. रात्री वात पेटवली, नळकांडं फिरवलं आणि भिंतीवर हिरवा उजेड पडला. अस्सल हिरवा, पोपटाच्या पंखासारखा.

मग डोक्यात प्रकाश पडला. रॉकेलची ज्योत पिवळी. तिच्यापुढे साधी हिरवी काच धरली असती, तर उजेड पिवळट झाला असता आणि लांबून ड्रायव्हरचा घोटाळा. म्हणून ज्योतीचा पिवळेपणा आधीच हिशेबात धरून काच निळ्याकडे झुकवलेली. ज्यानं ही काच ओतली, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

काच रंग देते, असं आपण उगाच म्हणतो. ती चाळणी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोटॅशियमची ज्योत जांभळी दिसते असं पाठ केलं होतं, पण मला दरवेळी पिवळीच दिसायची. कारण सोडियमचा नखभर अंश मिसळला तरी तो सगळ्यांवर दादागिरी करतो. सरांनी कोबाल्टची निळी काच हातात दिली. पिवळा गळून गेला आणि लालसर जांभळी ज्योत उभी राहिली! शेजारच्याच फळीवर सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली असे. उजेडानं ते काळवंडतं, म्हणून तिच्या काचेनं निळे आणि अतिनील किरण दारातच थोपवायचे. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली तिनं कधी फेकली नाही. धुऊन, वाळवून त्यात बदामाचं तेल भरायची.

गडद काच दिसली की ती सगळंच अडवेल, असं मात्र समजू नये. १९८० च्या फेब्रुवारीतल्या सूर्यग्रहणाला आमच्या गल्लीत काचेच्या तुकड्यांवर काजळी धरायची कोण धांदल! मीही त्यात होतो. काजळी कुठे दाट, कुठे विरळ, आणि डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण तिच्यातून बेलाशक निसटतात. डोळे शाबूत राहिले ते नशिबानं. पुढच्या ग्रहणाला वेल्डिंगची काच घ्या, तीही १४ नंबरची.