लाल तेलाची वाट

दिवाळीच्या तोंडावर वेल्ह्याच्या हवेला दोन वास असतात. एक कापून पसरलेल्या भाताचा, उन्हात वाळता वाळता गोडसर होत गेलेला. दुसरा रात्रभर धुक्यात भिजलेल्या मातीचा. त्या सकाळी त्यांत तिसरा मिसळला. अंगणात जॅक लावून, चाकांना दगड देऊन, स्टँडवर नीट टेकवलेल्या गाडीखालून येणारा, कोमट आणि किंचित करपलेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घमेल्यात उतरत होतं.

हे तेल नवं असताना लाल असतं. रंग मुद्दाम घालतात, गळती झालीच तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. घमेल्यात पडत होतं ते मात्र तपकिरी होतं, आणि त्याच्या काठावर ऊन पडलं की क्षणभर जुनी लाली वर यायची नि बुडायची. त्या रंगात पाबे घाटाची वळणं होती, भर पावसात धबधब्यांच्या तुषारांतून काढलेला वरंधा होता, भोरच्या बाजाराला जाता-येताना खड्ड्याखड्ड्यांतून सावकाश काढलेली गाडी होती, आणि चढावर जरा दम धरून पुन्हा पुढं सरकताना पोटात साठत गेलेली उष्णता होती. सगळे घाट त्यानं मुकाट्यानं सोसले होते.

अण्णा ओट्यावर बसून बघत होते. त्यांचा सगळा जन्म क्लच-गिअरवर गेलेला. अवघड वळणावर दुसऱ्यावरून पहिल्यात गाडी घेण्याआधी त्यांच्या डाव्या मनगटाची शीर ताठ व्हायची, इंजिनाचा आवाज ते कानानं नव्हे, तळपायानं ऐकायचे, आणि मागच्या सीटवर आम्ही पोरं त्या एका क्षणापुरता श्वास रोखून धरायचो.

‘‘याला क्लचच नाही, मग गिअर टाकतं कोण?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तेल टाकतं, अण्णा.’’

त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटायला वेळ लागला. मलाही लागला होता. बंद कोठीत तेल भरलेलं, त्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एकाला फिरवतं, तो तेल दुसऱ्यावर भिरकावतो आणि त्या माऱ्यानं दुसरा फिरू लागतो. निघताना दोघांत लोखंडाचा लोखंडाला स्पर्श नसतो. पुढं तेच तेल दाबाखाली अरुंद वाटांतून धावतं, आतल्या चकत्या आवळतं, सोडतं, आणि गिअर बदलतो. ओढ पोचवायची, वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची आणि झिजलेल्याचा चुराही आपल्यातच घ्यायचा. इतकं करून गाडीत बसणाऱ्याला कळतो तो फक्त एक मऊ हेलकावा.

चेंबरचे बोल्ट सैल केले, गॅस्केट हलकेच सुटलं. तळाशी चुंबक होतं. त्यावर पोलादाचा बारीक चुरा काजळासारखा बसला होता. चिमटीत धरून चोळला, तर बोटांना एक कणही टोचला नाही. बरं वाटलं. टोचणारे तुकडे मिळाले असते, तर आत काही मोडत चाललंय असं समजायचं. मऊ चुरा ही नुसती झीज. जगण्याची, चालण्याची, रोज उठून घाट चढण्याची.

जुना फिल्टर काढला, नवा बसवला, चुंबक पुसलं, नवं गॅस्केट लावून बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले. घाईनं एकच कोपरा आवळला तर चेंबर वाकतं, जोर केला तर आटे जातात. मग उतरलेलं तेल मापून, तेवढंच नवं तेल नरसाळ्यानं ओतलं. चेंबर उघडलं तरी सगळं तेल उतरत नाही. बरंचसं आतल्या पंख्यांच्या कोठीतच राहतं, आणि नवं त्यातच जाऊन मिसळतं. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, प्रत्येक गिअरवर जरा थांबत दांडा फिरवायचा, म्हणजे दोन्ही तेलं आत कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत जातात. कोरी सुरुवात इथं नसतेच. अण्णांच्या हातची गाडी आणि माझ्या हातची गाडी यांच्यातही अशीच कुठंतरी मिसळण झाली असेल.

1939 साली जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक आणलं, आणि क्लचविना गाडी चालवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागलं. पुढं कित्येक वर्षं अमेरिकेत अशा तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. आतल्या चकत्यांनी हिसका न देता एकमेकींना धरावं, म्हणून खोल समुद्रातला देवमासा मारला जाई. 1970 साली तिथं या देवमाशाला संरक्षण मिळालं आणि रसायनतज्ज्ञांना दुसरी वाट शोधावी लागली. हे वाचल्यापासून तो मऊ हेलकावा मला निर्धास्तपणे घेता येत नाही. आपल्या सुखाच्या तळाशी कुणाकुणाचा जीव असतो.

घमेलं भरलं होतं. समोर तोरणा निळा पडत चालला होता, आणि अंगणाच्या कडेनं ओहोळ खळखळत होता. इथलं पाणी कानंदीतून गुंजवणीला जातं, गुंजवणीतून नीरेला. नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. पुढं कृष्णा, पुढं बंगालचा उपसागर, जिथं देवमासे अजून आहेत. ओहोळात ओतलेलं तेल अंगणातून दिसेनासं व्हायला पळभर पुरे. पण ज्या पाण्यात आषाढीला लाखो माणसं डोळे मिटून बुडी मारतात, त्याचा एक उगम आपल्या दाराशी आहे, हे एकदा कळल्यावर हात कसा वळेल?

मी तेल जुन्या कॅनमध्ये भरलं, झाकण घट्ट लावलं, फिल्टर आणि फडकी पिशवीत बांधली. वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे ते पोचवायचं, आणि मगच काम झालं म्हणायचं. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याचा शेजार समुद्रापर्यंत असतो.