घर पाहावे पावसात

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. ‘घर पाहावे विकून’ ही सुधारणा आमच्या मेहुण्याची! मी निवृत्त झालो, फंडाची रक्कम हाती आली, आणि तो म्हणाला, “भावोजी, जुनी जागा स्वस्तात घ्यायची, डागडुजी करायची नि नफ्याने विकायची. ठाणे-मुलुंड आपल्या आवाक्याबाहेर. तुम्ही बदलापूर पाहा!”

तेव्हा भर पावसात एके दिवशी मी लोकल गाठली. मुंबईपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथ मागे पडले, की हिरवे डोंगर जवळ येऊ लागतात आणि माणसाला आपले वय विसरायला होते. पूर्वी प्रवासी येथे घोडे बदलीत, म्हणून गावाला हे नाव पडले, असे सांगतात.

स्टेशनच्या पश्चिमेला, नदीच्या अंगाला, दलालाने तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा दाखवली. किंमत ऐकून मला मेहुण्याच्या बुद्धीचे कौतुक वाटले. ओटा नवा करावा, फरशी बदलावी की झाले! मनातल्या मनात मी ती जागा विकूनसुद्धा टाकली.

एकच गोष्ट खटकली. भिंतींचा रंग छातीइतक्या उंचीपर्यंत ताजा होता. वर मात्र जुनाच.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सहज विचारले. तो हसला. “साहेब, उल्हास नदी तिथवर येऊन गेलीय. ओल जात नाही. विकायची वेळ आली, की रंग काढतात.”

मग मला २६ जुलै २००५ आठवली. २७ जुलै २०१९ही आठवली. त्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. ही जागा घेतली, तर विकताना तो रंग मलाही काढावा लागणार! आणि घेणारा कोण? माझ्यासारखाच कुणीतरी, आयुष्याची पुंजी घेऊन आलेला.

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दुरुस्ती, गिऱ्हाईक मिळेपर्यंत सोसायटीचा मासिक आकार. शिवाय दोन वर्षांच्या आत विकले, तर नफ्यावर नेहमीच्या दराने प्राप्तिकर. एवढे सोसून नफा उरायचा, तर जागा चटकन विकली जाणारी हवी. म्हणजे स्टेशनपासून पायी जाता येईल अशी, पाणी वेळेवर येणारी, कागदपत्रे चोख असलेली. फरशी बदलता येते, ओटा बदलता येतो; नदी हलवता येत नाही. म्हणून नवख्याने घर पाहावे ते पावसात, आणि दलालाच्या आधी चहावाल्याला भेटावे.

पुढच्या खेपेस नदीपासून दूर, चढावर, दुसऱ्या मजल्यावरची एक जागा पाहून ठेवली. महाग आहे, नफा बेताचाच सुटेल. मेहुणा रुसला आहे. पण घोडे बदलण्याच्या गावी मी निदान मत तरी बदलले. आणि उद्या गिऱ्हाईक आले, तर भिंतीला पाठ लावून उभे राहण्याची पाळी माझ्यावर येणार नाही!