खाडीकाठी लोकर

नव्या मुंबईत लोकरीचे कपडे विकत घ्यायला निघणे आणि लेहच्या बाजारात शहाळे शोधणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या भातखाचरांवर नि मिठागरांवर हे शहर आखले गेले. रस्ते आखले, सेक्टर आखले, स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्या बांधल्या. थंडीची तरतूद तेवढी राहून गेली. पलीकडे सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, ही आठवण जुने मुंबईकर अजून दागिन्यासारखी जपतात. आमच्या नेरूळला जानेवारीत चार दिवस पहाटे जरा गार वाटते. लगेच कपाटातले स्वेटर बाहेर निघतात, डांबरगोळ्यांचा वास जिनाभर पसरतो आणि पाचव्या दिवशी सारे पुन्हा कपाटात जाते.

अशा गावात गेल्या वर्षी ऑगस्टच्या दमट उकाड्यात मी लोकर शोधत हिंडत होतो. निमित्त भाचीचे. तिला स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स या गावी प्रवेश मिळाला होता. हेरियट-वॉट विद्यापीठाची वस्त्रविद्येची शाखा तिथे आहे. परदेशी निघालेल्या भाचीला गरम कपडे मामाने घ्यायचे, असा आमच्या सौभाग्यवतींनी निकाल दिला आणि आम्ही तिघे वाशीच्या बाजारात शिरलो. एका दुकानदाराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही. "साहेब, दिवाळीनंतर या," तो म्हणाला. दुसऱ्याने स्वेटर दाखवले. भाचीने आतली चिठ्ठी उलटून वाचली आणि हसून म्हणाली, "मामा, हे सगळं ॲक्रिलिक आहे. ह्यात मेंढीचा काही संबंध नाही."

शेवटी आम्ही बेलापूरला अर्बन हाट गाठला. स्टेशनपासून जवळच सिडकोने बांधलेली ही कारागिरांची पेठ आहे. देशातल्या कानाकोपऱ्यांतून विणकर, कुंभार, लाकूडकाम करणारे येतात, काही दिवस मांडामांड करतात आणि गाशा गुंडाळून पुढच्या गावी जातात. पावसाने पायवाटा निसरड्या झाल्या होत्या आणि गिऱ्हाईक तुरळक होते. एका ओळीत एक काश्मिरी गृहस्थ शाली मांडून बसले होते, आणि त्यांच्या पलीकडच्या गाळ्यात, काळ्या ढिगाऱ्यामागे, माण तालुक्यातले एक घोंगडीवाले. योग मोठा विलक्षण होता. लोकरीच्या दुनियेचे वरचे नि खालचे टोक शेजारी शेजारी बसून एकाच किटलीतला चहा पीत होते.

काश्मिरी गृहस्थांनी एक बदामी शाल भाचीच्या हातावर ठेवली. "हात लगाके देखिये." हाताला वजन लागलेच नाही, ऊब मात्र लागली. हा पश्मिना. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर ज्या बकऱ्या राहतात, त्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यात एक मऊ लव उगवते. वसंतात ती विंचरून काढायची. एका बकरीची वर्षाची कमाई जेमतेम शे-दीडशे ग्रॅम. माणसाच्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका तो तंतू बारीक असतो.

मराठी माणसाला ही शाल परकी नाही. पेशवाईत मानकऱ्याचा सन्मान शालजोडीने होई, आणि मऊ शब्दांत गुंडाळून मारलेल्या टोल्याला आपण अजूनही 'शालजोडीतले' म्हणतो. व्याख्यानमालांच्या कृपेने माझ्या कपाटातही नऊ शाली जमल्या आहेत. त्या रात्री भाचीने त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या. नऊपैकी एकीतही लोकरीचा धागा निघाला नाही!

याच काश्मिरी शालींनी एके काळी युरोपला वेड लावले. त्या महाग पडू लागल्या, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नकला मागावर काढल्या. शालीच्या पदरावरची आपली कुयरी त्या गावाचे नाव लावून जगभर फिरू लागली. आजही इंग्रजीत तिला पेझ्लीच म्हणतात. काश्मीर या नावाचेही तसेच. साहेबाच्या तोंडी त्याचे 'कॅशमिअर' झाले आणि ते प्रांताऐवजी कापडाला चिकटले.

भाचीने शाल घेतली नाही; किंमत ऐकून तिने ती हळूच घडी करून परत ठेवली. शेजारच्या गाळ्यात मात्र तिने बैठक मारली. घोंगडीवाल्या बाबांना तिने इतके प्रश्न विचारले, की पाऊस थांबला तरी आमचे उठणे होईना. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरायची. ती पिंजून चरख्यावर सूत काढायचे. सणगराने खड्ड्याच्या मागावर विणायचे. सुताला चिंचोक्याची खळ द्यायची. रंग नाही, रसायन नाही. मेंढी काळी तर घोंगडी काळी. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात, आणि जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. बाकीची टोचते, पण तिची खोळ करून डोक्यावर घेतली, की धनगर भर पावसात कळपामागे उभा राहतो.

"मुलगा शिकला का हे काम?" मी विचारले.

"पोरगं इथंच हाय की, न्हावा-शेव्याला. कंटेनर वडतंय," बाबा म्हणाले. मग समोरच्या प्लास्टिकच्या पिशव्यांतल्या रंगीत ब्लँकेटांकडे बोट करून हसले, "ही असली ब्लँकेटं बी त्योच आणत आसंल."

हसलो आम्हीही, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि साऱ्या जगाचा माल आमच्या दारात उतरू लागला. त्या मालात बापाच्या धंद्यावर पडणारे ओझे असेल, तर ते ओढायचे काम मुलाच्याच वाट्याला यावे!

भाचीने जावळाचे एक लहानसे आसन घेतले. पुढे नोव्हेंबरात तिने गॅलाशील्सहून सविस्तर लिहून पाठवले. तिथून तासाभराच्या आत बसने हॉइक गाव लागते. टेव्हिअट नदीच्या काठच्या या गावात १७७१ साली जॉन हार्डी नावाच्या गृहस्थांनी मोजे विणायची चार यंत्रे आणली, तेव्हापासून गाव विणकामावर जगत आले. नदीचे पाणी मृदू. धुतलेली लोकर त्यात मऊ राहते. भाची एका लहानशा दुकानात गेली होती. आमच्या स्वयंपाकघराएवढे दुकान, एक वयस्क बाई आणि चार फळ्या. एका गळपट्ट्याची किंमत शंभर पौंडांच्या वर. भाचीने बाईंना विचारले, "बकऱ्या कुठे दिसल्या नाहीत?" बाई हसून म्हणाल्या, "बकऱ्या मंगोलियात आणि चीनमध्ये, बाळ. आमच्याकडे पाणी आहे आणि हात आहेत."

गोष्ट खरी आहे. काही हौशी कळप सोडले, तर स्कॉटलंडला ही लव बाहेरूनच आणावी लागते. राठ केसांतून ती वेगळी करणारे यंत्र काढले तेही इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या जोसेफ डॉसन यांनी. तरी एल्गिनच्या जॉन्स्टन्सनी १८५१ पासून, किनरॉसच्या टॉड अँड डंकननी १८६७ पासून आपले कसब टिकवले. स्वेटरची गळपट्टी अजूनही तिथे डोळ्यांत तेल घालून, टाक्याला टाका जुळवून जोडतात. घोंगडीवाल्या बाबांच्या घरचे दुखणे त्यांनाही चुकलेले नाही; हॉइकच्या कितीतरी गिरण्या बंद पडल्या. बॅरी नावाची एक गिरणी मात्र मालक कंपनीचे दिवाळे निघाल्यावर २०१२ साली पॅरिसच्या शानेलने विकत घेतली. शानेल ही तिची वर्षानुवर्षांची गिऱ्हाईक होती.

त्याच हिवाळ्यात मी काही कामाने पेणला निघालो होतो. अलीकडेच एसटी थांबली. रस्त्यावर मेंढ्यांचा कळप होता, पुढे घोड्यावर संसार लादलेला, मागे लाल पागोट्याचा धनगर. दिवाळीनंतर फलटण-माणकडचे कळप घाट उतरून रायगडच्या खाचरांत येतात. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. मी खिडकीतून विचारले, "लोकरीचं काय करता?" तो म्हणाला, "कातरायची मजुरी बी सुटत न्हाई, टाकून देतो." आता मटणासाठी माडग्याळ जातीकडे ओढा आहे, तिच्या अंगावर लोकर कमीच. स्कॉटलंडचे लोक अर्धे जग ओलांडून लव आणतात, आणि आमच्या नेरूळपासून दीड तासावर लोकर चालत येते नि उकिरड्यावर जाते. भिजत घोंगडे म्हणतात ते हेच.

यंदा हाटात बाबा पुन्हा भेटले. मी त्यांना हॉइकच्या दुकानाची हकीकत सांगितली: बकरी नाही, लोकर परक्याची, गाव थंड नि लहान, तरी एका गळपट्ट्याला एवढे पैसे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले. मला वाटले, ते आपल्या नशिबाला बोल लावतील. क्षणभर विचार करून ते एवढेच म्हणाले, "मग त्यांच्याकडं गिऱ्हाईक आसंल, मास्तर."

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी इतके थोडक्यात सांगितलेले मी ऐकलेले नाही.

तिथल्या तिथे मी आमच्या मराठी विभागाच्या समारंभासाठी पाच घोंगड्या सांगितल्या. यंदा पाहुण्यांचा सत्कार त्यांनी होईल. पाच घोंगड्यांनी माग वाचत नाही, हे मला कळते. पण बाबांनी वहीत आकडा लिहून घेतला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. प्राचार्यांना हे कळवले, तेव्हा त्यांना एकच काळजी पडली: "पाहुण्यांना टोचणार नाही ना?"

मी म्हटले, "सर, पाहुणे मराठीतले समीक्षक आहेत. आयुष्यभर त्यांनी लोकांना शालजोडीतले दिले. एक दिवस घोंगडी टोचली तर काय बिघडले?"